पांढऱ्या लेबलाची रेकॉर्ड

१

"कशाला हात लावलास, दादा! कशाला मेला हात लावलास तू!"

हे माझे शब्द. शनिवारी दुपारी साडेतीन वाजता, काकूंच्या बैठकीच्या खोलीच्या दारात उभी राहून मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावावर ओरडले. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे काही शोधून काढलं त्यावरून मला कुणी मोठी शहाणी समजायला नको.

दादा खुर्चीत बसला होता, नुकताच डुलकीतून जागा झालेला, एका बाजूचे केस उभे. पायाशी लाखेच्या रेकॉर्डचे पाच तुकडे. दोन तुकड्यांवर पांढऱ्या लेबलाचे फाटके भाग आणि त्यावर निळ्या शाईतली अर्धीमुर्धी अक्षरं. ते लेबल आमच्या जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या मंडळात सगळ्यांना तोंडपाठ होतं.

जगात ती एकच रेकॉर्ड होती. गायिका अक्का गेल्या त्याच्या आदल्या महिन्यात त्यांनी एक गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. कंपनीने नमुना म्हणून एक तबकडी काढली, लेबलावर हाताने नाव लिहिलं, आणि मग अक्काही गेल्या आणि कंपनीही बुडाली. अक्कांच्या साथीला व्हायोलिन वाजवणारे काका तो नमुना घरी घेऊन आले. त्यांनी नियम घालून दिला: वर्षातून एकदा, एका शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, एकदाच वाजवायची. नक्कल करायची नाही. काका गेले तरी काकूंनी नियम मोडला नाही. एकतीस वर्षं आम्ही दर वर्षी दोन दिवस या लहानशा गावात येतो, काकूंच्या घरी राहतो, आपापल्या रेकॉर्डी ऐकवतो, भांडतो, आणि शनिवारी सहा वाजता गप्प बसून सव्वातीन मिनिटं अक्कांना ऐकतो.

आता सहा वाजता ऐकायला पाच तुकडे होते.

दादाने शर्टाच्या खिशातून कानाचं मशीन काढलं आणि कानात बसवलं. बसवताना ते तीनदा निसटलं. चार वर्षं झाली, त्याचे हात थरथरतात. छापखान्यात खिळे जुळवण्यात ज्याचा जन्म गेला, डोळे मिटून बोटांनी अक्षर ओळखायचा, त्याला आता शर्टाचं बटण लागत नाही. मंडळात आला की हात मांडीखाली दाबून बसतो. गेल्या तीन वर्षांत त्याने इथल्या एकाही रेकॉर्डला बोट लावलं नव्हतं.

"मी झोपलो होतो गं," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "माझ्याच हातून झालं असणार. झोपेत उठलो असेन. दुसऱ्या कुणाचे हात आहेत असे?"

माझ्या खांद्यावर मागून कुणीतरी हळूच हात ठेवला. मंडळाचे अध्यक्ष, आमचे दातांचे डॉक्टर.

"रागावू नका त्यांच्यावर, टाचणीताई," ते मायेने म्हणाले. "कधीतरी होणारच होतं हे."

२

टाचणी म्हणजे मी. ग्रामोफोनच्या पिना बनवते, जुनी मशीनं दुरुस्त करते, आणि बोलते ते टोचतं म्हणून हे नाव. मला मान्य आहे.

चार वाजता सगळे चहाला बसलो. चहा कुणी प्यायलं नाही. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, उभं आयुष्य टपाल कचेरीत काढलेली, सहसा न खचणारी. त्यांचे जावई दारात उभे होते, कोपरापर्यंत चिखल. मागच्या बाजूचा नळाचा पाइप दुपारी फुटला होता. जावयांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही आणि आमची बैठकीची खोली त्यांना केव्हाची मोकळी करून हवी आहे, हे ते लपवतही नाहीत. कोपऱ्यात यादीबाई. त्या ग्रंथपाल. मंडळातल्या प्रत्येक रेकॉर्डची यादी त्यांच्याकडे असते, म्हणून यादीबाई.

डॉक्टरांनी तुकडे बुटाच्या खोक्यात गोळा केले. "बघवत नाही," म्हणाले, "मी माझ्या गाडीत ठेवतो, डोळ्यांआड."

"माझ्याजवळ असू द्या," दादा म्हणाला.

डॉक्टर जरा थबकले. पण ज्याने फोडली तो तुकडे मागतोय, त्याला नाही कोण म्हणणार? खोकं दादाच्या मांडीवर गेलं.

मग डॉक्टरांनी घसा साफ केला. "काकू, हा विषय काढायची ही वेळ नाही. पण काढायला हवा. दादांवर आपलं सगळ्यांचं प्रेम आहे. म्हणूनच त्यांना अशा अवघड जागी पुन्हा पुन्हा बसवणं बरोबर नाही. उद्या दहा वाजता आपण एक साधा ठराव करू. पुढच्या वर्षीपासून दादांनी घरीच आराम करावा. सन्मानाने."

सन्मानाने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाची बायको गेली, छापखाना बंद झाला, हात गेले. वर्षातल्या या दोन दिवसांवर तो उरलेले त्रेसष्ट आठवडे काढतो. म्हणजे बावन्न. रागात मला हिशेब जमत नाही. येण्याआधी महिनाभर तो इथे न्यायचे कपडे काढून ठेवतो.

"हो," दादाच म्हणाला. "बरोबर आहे डॉक्टरांचं."

त्याच्या त्या 'हो'ने मी जागी झाले. मघाशी माझ्या तोंडून जे गेलं त्याची लाज वाटली आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो.

"उद्या दहापर्यंत वेळ आहे ना?" मी म्हटलं. "मग तोवर कुणी कुणाला घरी बसवू नका. मला काही विचारायचंय सगळ्यांना."

"विचारायचं काय आहे त्यात?" यादीबाई म्हणाल्या.

"तेच अजून ठरलं नाही," मी म्हटलं आणि उठून रेकॉर्ड ठेवलेल्या टेबलाकडे गेले. काकांनी स्वतः चिकटवलेलं पुठ्ठ्याचं कव्हर तिथे व्यवस्थित पडलं होतं. अगदीच व्यवस्थित. मी ते उचललं, आत बघितलं, आणि काहीतरी खटकलं. पण काय ते मला कळेना.

३

पहिल्यांदा जावई. संशय घ्यायला सोपा माणूस.

"माझ्यावरच येणार हे मला माहीत होतं," ते पाइपाला कापड गुंडाळत म्हणाले. "खोली मला हवीय, हो. पण काकूंनी महिन्यापूर्वी तुम्हा सगळ्यांना पत्र धाडलं ना? या घरातलं यंदाचं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षीपासून मंडळ दुसरीकडे जमेल, आणि ती रेकॉर्ड गावच्या वाचनालयात द्यायची, कुणीही यावं, ऐकावी, नक्कल करावी. म्हणजे खोली मला आपसूकच मिळत होती. मी कशाला फोडू?"

"दोन ते साडेतीन कुठे होतात?"

"कप्पाळ! तुमच्यापासून दहा पावलांवर. शिव्या ऐकल्या नाहीत माझ्या?"

ऐकल्या होत्या. मी मागच्या ओट्यावर संध्याकाळसाठी बांबूची पिन तासत बसले होते आणि हे गृहस्थ पाइपाच्या सात पिढ्या उद्धरत होते. दीड तास खंड नव्हता. जावई सुटले.

"आणि पाणी बघा कुठवर गेलं," ते म्हणाले. "पुलाकडे जाणारी गल्ली पार भरली. घोट्याएवढा चिखल. उद्या गावकरी मला धरून मारतील."

मी मान डोलावली आणि यादीबाईंकडे गेले. त्या पॅसेजमध्ये अदलाबदलीच्या पेटीजवळ बसल्या होत्या. आमची जुनी रीत आहे: नको असलेल्या रेकॉर्डी शुक्रवारी त्या लाकडी पेटीत उभ्या लावायच्या, हवी असेल तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, आणि रविवारी जेवण झाल्यावरच उचलायची. तोवर पेटीला हात लावायचा नाही. यंदा एकूण बावीस होत्या. त्यात यादीबाईंचा पोपटही होता.

हा पोपट म्हणजे पोपटांना बोलायला शिकवण्याची रेकॉर्ड. कव्हरावर हिरवागार पोपट, लेबलावरही पोपट. यादीबाईंच्या आजोबांनी ती आपल्या पोपटाला रोज सकाळ-संध्याकाळ ऐकवली. पोपट एक शब्द शिकला नाही, फक्त पिनेची खरखर शिकला. दर वर्षी यादीबाई ती पेटीत ठेवतात, दर वर्षी कुणी नेत नाही, दर वर्षी आम्ही हसतो. यंदा मात्र शुक्रवारीच डॉक्टरांनी तिच्यावर चिठ्ठी लावली होती. "दवाखान्यात मुलं रडतात," म्हणाले. "त्यांना ऐकवीन."

"दुपारी कुठे होता तुम्ही?" मी यादीबाईंना विचारलं.

"बागेत. एकटी. यादी करत होते. साक्षीदार हवा असेल तर मुंग्या आहेत." त्यांनी चष्मा काढला. "मला माहितीये तुम्ही का विचारताय. शुक्रवारी मी काकूंशी भांडले, सगळ्यांनी ऐकलं. वाचनालयात रेकॉर्ड नीट राहत नाहीत, मी आयुष्यभर बघितलंय. पण टाचणीताई, मी पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला घराबाहेर काढते. मी रेकॉर्ड फोडीन?"

खरं होतं ते. पण तसं तर इथे कुणीच फोडणार नाही. ज्या माणसांना ओरखडा बघून जेवण जात नाही, त्यातल्या कुणी ही फोडली? म्हणूनच सगळ्यांनी दादाला धरलं होतं. थरथरणारे हात असले की बाकी काही बघावं लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

डॉक्टर व्हरांड्यात पाय लांब करून बसले होते. पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी विजार, पांढरा रुमाल. त्यांचं सगळं नेहमी असंच असतं.

"मी? पुलापर्यंत फिरून आलो. जेवणानंतर मी फिरतोच. टाचणीताई, एक सांगू? तुम्ही भावासाठी धडपडताय, मला समजतं. पण उगाच भुई धोपटू नका. त्यांना त्याचाच जास्त त्रास होईल."

"दादाला त्या खोलीत एकटं कुणी बसवलं?"

"मीच म्हटलं होतं. अक्कांच्या सोबतीला बसा, कानातलं काढून निवांत पडा." त्यांचे डोळे भरून आले. "माझीच चूक झाली ती."

त्यांचे भरलेले डोळे बघून मी वरमले. खरंच वरमले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

४

सूर्य कलला तरी दादा जेवणघरात आला नाही. मी त्याच्या खोलीत गेले.

त्याने टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला होता आणि त्यावर ते पाच तुकडे जुळवत होता. एक तुकडा दुसऱ्याजवळ न्यायला त्याला पाच-सहा वेळा लागत होते. कपाळावर घाम. पण जुळवलं होतं त्याने, पाचही. एक टवकाही उणा नव्हता.

"दादा, पुरे."

"जुळवायची सवय गं," तो म्हणाला. "छापखान्यात मजकूर सांडला की ज्याने सांडला त्यानेच जुळवायचा. हा नियम होता आमचा."

मला रडू येईना, रागच येत होता. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून मी दिवा लावला. दिव्याचा उजेड तिरपा रेकॉर्डवर पडला आणि दादा म्हणाला, "माझे डोळेही गेले बहुतेक. अक्कांची रेकॉर्ड काळी कुळकुळीत होती ना? ही मला करडी दिसते."

मी वाकले. मग गुडघ्यांवर बसले. मग पर्समधून भिंग काढलं.

बाई गं!

लाखेच्या रेकॉर्डवर पोलादी पिन लावली की ती चरे घासत जाते. शंभर-दोनशे वेळा वाजली की काळ्या चऱ्यांवर करडी राख बसल्यासारखी दिसते. ती राख पुसून जात नाही. अक्कांच्या रेकॉर्डला एकतीस वर्षांत पोलाद लागलंच नव्हतं. दर वर्षी मी बांबूची नवी पिन तासायची, ती एकदाच वापरायची आणि टाकून द्यायची. एकतीस वाजवण्या, एकतीस बांबूच्या पिना, सगळ्या माझ्या हातच्या. बांबू रेकॉर्डला राख लावत नाही.

ही तबकडी पोलादाने हजारदा घासलेली होती.

"दादा," मी म्हटलं. "ही अक्कांची नाही."

"काय बोलतेस? लेबल बघ की."

मी लेबलाचा फाटका काठ नखाने उचलला. पांढरा कागद सुटून आला. गोंद अजून नवाच होता. त्याच्या खाली दुसरं लेबल होतं, छापील, आणि त्यावर एक हिरवी शेपटी होती.

५

यादीबाईंना मी बाहीला धरून आत ओढलं आणि ती शेपटी दाखवली.

"हा माझा पोपट," त्या म्हणाल्या, आणि पांढऱ्या पडल्या. "पण माझा पोपट पेटीत आहे! कव्हर तिथेच आहे, मी मघाशी..." शहाणी बाई आहे. त्यांना कळलं. "तुम्हाला वाटतंय मी केलं."

"एक मिनिट वाटलं," मी म्हटलं. "तुमचा पोपट, तुम्ही एकट्या, शुक्रवारचं भांडण. पण एक सांगा. रेकॉर्ड कव्हरात ठेवताना आतलं कागदी पाकीट कसं ठेवता?"

"आतलं पाकीट मी वापरतच नाही. कागद दमट होतो. सगळ्यांना माहितीये."

सगळ्यांना माहीत होतं. आणि दुपारी टेबलावरचं कव्हर बघून मला जे खटकलं होतं ते आता कळलं. काका रेकॉर्ड ठेवताना आतल्या पाकिटाचं तोंड आणि बाहेरच्या कव्हराचं तोंड एकाच बाजूला ठेवायचे. काढायला सोपं. काकूंनी तेच चालू ठेवलं. आणि दर वर्षी एक माणूस त्यांना त्यावरून ऐकवायचा. आतलं पाकीट फिरवून त्याचं तोंड वर घ्यावं, म्हणजे कव्हराच्या तोंडातून धूळ आत जात नाही. एकतीस वर्षं हे भाषण. काकू हसायच्या आणि तसंच ठेवायच्या.

दुपारी त्या रिकाम्या कव्हरात पाकिटाचं तोंड वर होतं.

झोपेतून उठलेला, हात थरथरणारा माणूस रेकॉर्ड काढताना पाडेल, ठीक. पण तो रिकामं पाकीट फिरवून, तोंड वर करून, परत कव्हरात नीट सरकवून ठेवेल? सवय असते माणसाची. खोटं बोलताना जीभ आवरता येते, हात कुठे आवरतात?

"पेटी उघडू या," यादीबाई म्हणाल्या.

"आत्ता नाही. आत्ता उघडली तर तो म्हणेल, यादीबाईंचा पोपट, यादीबाईंनीच ठेवली. सगळ्यांसमोर उघडायची. तुम्ही तेवढा पॅसेजमध्ये बिछाना घाला आणि पेटीला डोकं लावून झोपा."

"ती तिथेच असेल कशावरून? गाडीत नसेल?"

"दिवसभर उन्हात तापलेल्या गाडीत लाखेची रेकॉर्ड? पापड होईल तिचा. गादीखाली आडवी ठेवली तर फुटेल. ज्याने चोरली त्याचा तिच्यावर जीव आहे, यादीबाई. तो तिला सावलीत, उभी, दुसऱ्या रेकॉर्डींमध्येच ठेवणार. चोरी करताना तो चोर होता, पण ठेवताना मंडळाचाच सभासद होता."

दादा पलंगावर बसून ऐकत होता. "नाव घे ना," तो म्हणाला.

मी घेतलं नाही. मी व्हरांड्यात गेले आणि रांगेत काढून ठेवलेले बूट बघितले. मग खोलीत येऊन दादाला नाव सांगितलं.

६

रविवारी दहा वाजता डॉक्टर घडी केलेला कागद घेऊन उभे राहिले. "मंडळाच्या वतीने, अत्यंत आदरपूर्वक..."

"आधी वाजवू या," मी म्हटलं.

"काय?"

"फुटलेली रेकॉर्ड. मी तुकडे खालून चिकटपट्टीने जोडलेत. टकटक होईल, पण ऐकू येईल. निरोपच द्यायचा तर अक्कांना ऐकून देऊ."

काकूंनी पहिल्यांदा खिडकीतून मान वळवली. डॉक्टर म्हणाले, "हा क्रूरपणा आहे, टाचणीताई. काकूंचा विचार करा."

"लाव," काकू म्हणाल्या.

मी बांबू घेतला नाही. पोलादी पिन बसवली, चावी दिली, आणि हात सोडला.

खर्र. टक. खर्र. टक. मग एका बाईचा चिरका, उत्साही आवाज आला: "शहाणा... टक... पट! बोल, राजा! शहाणा... टक... पट!"

ती बाई पोपटाला शिकवत राहिली. दारातल्या जावयांना पहिल्यांदा हसू फुटलं, त्यांनी तोंडावर हात धरला. काकूंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दादाने डोळे मिटून घेतले होते आणि त्याचे खांदे गदगदत होते. हसत होता की रडत होता ते मी विचारलं नाही.

"कुणीतरी घाणेरडी चेष्टा केलीये," डॉक्टर म्हणाले.

"केलीये ना. पाच मिनिटं बसा, सांगते." मी पिन उचलली. "काल दुपारी तुम्ही कुठे होतात, डॉक्टर?"

"सांगितलं की. पुलापर्यंत."

"जावई, पुलाकडच्या गल्लीत काल काय होतं?"

"घोट्याएवढा चिखल," जावई म्हणाले. त्यांची नजर खाली गेली. मग सगळ्यांचीच गेली. पांढरे कॅनव्हासचे बूट कालच्यासारखेच पांढरे होते.

"मी कडेकडेने..."

"उडत उडत गेलात म्हणा." मी कव्हर उचलून काकूंच्या मांडीवर ठेवलं. "काकू, आतलं पाकीट बघा. काल दुपारपासून कुणी हलवलेलं नाही. तोंड कुठे आहे?"

काकूंनी बोटाने चाचपलं. "वर," त्या म्हणाल्या. आणि हळूहळू त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. एकतीस वर्षांची ती धुळीची भाषणं त्यांनाही आठवली असणार.

"लेबल घरूनच लिहून आणलं होतं यांनी," मी म्हटलं. "पत्र आलं त्याच दिवशी बेत ठरला असणार. इथे कुणाला नको असलेली पोपटाची तबकडी शुक्रवारी कव्हरातून काढली, तिच्यावर पांढरं लेबल डकवलं. शनिवारी दादा कानातलं मशीन काढून झोपला. बाजूला तोफ डागली तरी त्याला ऐकू येत नाही. खरी काढून पोपटाच्या कव्हरात घातली आणि खोटी त्याच्या पायाशी फोडली. रविवारी जेवून उठायचं आणि सगळ्यांच्या देखत, चिठ्ठी लावलेला पोपट काखेत मारून घरी जायचं. सगळे हसले असते. यादीबाई, पेटी."

यादीबाई पेटी घेऊन आल्या. पोपटाच्या कव्हरावर डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी होती. त्यांनी आतली तबकडी दोन्ही तळव्यांत धरून बाहेर काढली. काळी कुळकुळीत. पांढरं लेबल. निळी शाई.

डॉक्टर खाली बसले. थोडा वेळ त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली. मग एकदम उसळून म्हणाले, "वाचनालयात टाकणार होतात तुम्ही तिला! कुणीही येईल, ढणाढणा वाजवेल, वर्षभरात राख होईल. माझ्याकडे ती जिवंत राहिली असती. तिच्यावर माझ्याएवढं प्रेम इथे कुणाचं आहे?"

"प्रेम!" मी म्हटलं, आणि 'तुम्ही' माझ्या तोंडून आपोआप गळून पडलं. "रेकॉर्ड हवी होती तर सरळ चोरायची होतीस. घेऊन पळायचं होतंस. आम्ही चोर म्हणालो असतो, संपलं असतं. पण तुला रेकॉर्डही हवी आणि अध्यक्षाची खुर्चीही हवी. म्हणून तू एक झोपलेला म्हातारा पुढे केलास. माझा भाऊ रात्रभर आपल्या हातांकडे बघत बसला होता, माहितीये? आणि तू त्याच्यासाठी आदरपूर्वक ठराव लिहून आणलास! रेकॉर्डीवर धूळ बसू नये म्हणून झटतोस, आणि माणसाच्या अंगावर चिखल टाकताना तुला काही वाटलं नाही?"

त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने त्यांच्याकडे बघितलं नाही.

यादीबाईंनी यादी काढली, सभासदांचं पान उघडलं आणि एका नावावर रेघ मारली. जावयांनी दार उघडून धरलं. "पुलाकडून जा," ते म्हणाले. "आज खरंच जा."

७

गाडीचा आवाज गेला. मग काकूंनी ती तबकडी यादीबाईंकडून घेतली आणि दादासमोर धरली.

"लावा, दादा."

दादाचे हात मांडीखाली होते. "मी? काकू, हे हात..."

"माहितीये मला."

"फुटेल."

"फुटली तर फुटली. एकतीस वर्षं जपलेल्या या तबकडीने माणसांचं काय केलं ते आत्ता बघितलं मी. लावा. आणि उद्या वाचनालयात द्यायला तुम्हीच चला माझ्याबरोबर."

दादाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो 'तू लाव' म्हणेल. तो म्हणाला, "काल दारात उभी होतीस तेव्हा तुला काय वाटलं होतं गं? खरं सांग."

सगळे ऐकत होते. मला खोटं बोलता आलं असतं.

"तूच फोडलीस असं वाटलं."

"मलाही तेच वाटलं," तो म्हणाला. "म्हणून तर त्याला जमलं."

मग त्याने हात मांडीखालून काढले. नेहमीसारखेच थरथरत होते, कालच्याहून जास्तच. त्याने तबकडी घेतली, उठला, मशीनपाशी गेला. मी बांबूची पिन बसवून ठेवली होती, शनिवारी तासलेली, पण तेवढंच. तबकडीचं भोक मधल्या खुंटीवर टकटक आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझा हात पुढे निघाला होता. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

चौथ्यांदा बसली.